चाहतेपण सोडायचं म्हणजे नेमकं काय सोडायचं?

 

गेल्या वर्षभरात एकच प्रश्न मला तीन घरांतून विचारला गेला. एक घर सिकंदराबादचं, एक बडोद्याचं आणि एक वसईचं. तिन्ही घरांतलं तरुण पोर कोरियन पॉप संगीताचं, म्हणजे के-पॉपचं, कट्टर चाहतं. आता ते पोर म्हणतंय की प्रभूवरच्या विश्वासासाठी मला हे सोडायचं आहे. घरच्यांना कळत नाही की आनंद मानावा की काळजी करावी. वडील म्हणतात, "नुसती गाणीच तर ऐकते, त्यात सोडण्यासारखं काय आहे?" आजी म्हणते, "ही मूर्तिपूजा आहे, आजच्या आज सगळं फेकून दे." पाळकसाहेब म्हणतात, "प्रार्थना करू या."

तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे. पण कुणीच मूळ गोष्टीपाशी थांबत नाही. चाहतेपण सोडायचं म्हणजे नेमकं काय सोडायचं? गाणं? गायक? मित्रमंडळी? की आणखी काही? हे नीट उलगडलं नाही तर मूल नको ते सोडून बसतं आणि जे सोडायला हवं ते तसंच राहतं. आज तेवढंच पाहू. जे श्रोते ख्रिस्ती नाहीत त्यांनाही यातलं बरंच आपलं वाटेल, कारण चाहते सगळ्याच धर्मांत आहेत.

ऐकणारा आणि चाहता

आधी शब्द पाहू. 'फॅन' हा शब्द 'फॅनॅटिक'वरून आला. त्याचं मूळ लॅटिन भाषेत आहे. 'फानुम' म्हणजे देवस्थान, आणि त्या देवस्थानाच्या नादाने भारावून गेलेला तो 'फानातिकुस'. म्हणजे शब्दाच्या पोटातच देऊळ आहे. कोरियात या गायकांना 'आयडॉल' म्हणतात. आयडॉल म्हणजे मूर्ती. आता शब्दावरून कुणाला दोषी ठरवता येत नाही. 'क्रिकेटचा देव' असं आपणही सहज बोलून जातो. पण शब्द कधी कधी वाट दाखवतात.

गाणं ऐकणारा माणूस गाणं ऐकतो, आवडलं तर गुणगुणतो आणि कामाला लागतो. चाहत्याचं काम गाणं संपल्यावर सुरू होतं. के-पॉपमध्ये हे काम फार शिस्तीने बांधलेलं आहे. नवं गाणं येण्याआधी मोजणी लागते. गाणं आलं की पहिल्या चोवीस तासांत ते जास्तीत जास्त वेळा वाजावं म्हणून चाहते आपापसांत पाळ्या लावतात. पुरस्कारांसाठी ॲपवर रोज मतं द्यायची. अल्बम विकत घ्यायचा, आणि त्यात एखाद्या सदस्याचं छोटं छायाचित्र निघतं. त्याला फोटोकार्ड म्हणतात. कुणाचं कार्ड निघेल ते पाकीट फोडल्याशिवाय कळत नाही. आपल्या आवडत्याचं निघालं नाही तर दुसरा अल्बम घ्यायचा, नाहीतर अदलाबदल करायची. कोरियात गायकांना भेटण्याच्या कार्यक्रमासाठी सोडत निघते आणि जितके अल्बम घ्याल तितक्या चिठ्ठ्या तुमच्या नावावर पडतात. म्हणून एकाच अल्बमच्या दहा-वीस प्रती घेणारी माणसं तिथे आहेत. भारतात एका अल्बमला साधारण दीड-दोन हजार रुपये पडतात. कॉलेजच्या मुलीसाठी ही लहान रक्कम नाही.

या शिस्तीचा परिणाम किती मोठा असतो ते एका आकड्यावरून कळेल. बीटीएस या सात जणांच्या गटाचं 'डायनामाइट' हे गाणं २१ ऑगस्ट २०२० रोजी आलं आणि यूट्यूबवर पहिल्या चोवीस तासांत ते १० कोटींहून अधिक वेळा पाहिलं गेलं. सहज गाणं आवडलं म्हणून एका दिवसात एवढा आकडा होत नाही. त्यामागे जगभर पसरलेलं, वाटून घेतलेलं काम असतं.

पलटणीची गोष्ट

या बीटीएसच्या चाहत्यांच्या संघटित समुदायाचं नाव काय आहे माहीत आहे? 'आर्मी'. मी आयुष्याची तीस-पस्तीस वर्षं ज्या आर्मीत घालवली ती वेगळी, पण नाव ऐकून मला हसू आलं आणि नंतर मी विचारात पडलो. कारण ते नाव फारसं चुकीचं नाही.

फौजेत आम्ही नवा रंगरूट आला की त्याला काय देतो? एक रंग देतो, एक बिल्ला देतो, एक घोषणा देतो, एक गाणं देतो. रोज ठरलेल्या वेळी ठरलेलं काम देतो. पलटणीचा इतिहास पाठ करून घेतो. एका वर्षात खेड्यातला तो मुलगा 'मी' म्हणणं कमी करतो आणि 'आमची पलटण' म्हणायला लागतो. हे प्रेम खोटं नसतं. त्यावर माणसं जीव देतात.

चाहत्यांच्या समुदायात अगदी हीच साधनं आहेत. ठरलेला रंग, हातात धरायचा दिवा, सामूहिक घोषणा, वाढदिवस आणि स्थापना दिनाची दिनदर्शिका, रोजचं काम आणि समोर एक लक्ष्य. म्हणून जे बाप म्हणतात 'नुसती गाणीच तर आहेत', त्यांना मी सांगतो: साहेब, तुमची मुलगी गाणी ऐकत नाही, ती एका पलटणीत भरती झाली आहे. तिला तिथे ओळख मिळाली आहे, सोबत मिळाली आहे, आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत ही भावना मिळाली आहे. हे सगळं खरं आहे आणि त्यातलं बरंचसं चांगलंही आहे. जून २०२० मध्ये बीटीएसने अमेरिकेतल्या वंशभेदविरोधी चळवळीला १० लाख डॉलर दिले, तेव्हा त्यांच्या चाहत्यांनी एका दिवसाच्या आसपास तेवढीच रक्कम आपल्या पदरची जमवली. ही ताकद हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

एक धागा मात्र एकतर्फी असतो. फौजेत माझा जवान मला ओळखत होता आणि मी त्याला, त्याच्या म्हाताऱ्या आईच्या दुखण्यासकट. चाहत्याला गायकाच्या कुत्र्याचं नाव माहीत असतं, आणि गायकाला चाहत्याचं काहीच माहीत नसतं. हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ मध्येच, दूरचित्रवाणी नवी होती तेव्हा, अशा एकतर्फी जवळिकीवर लेख लिहिला होता. पडद्यावरचा माणूस थेट आपल्याशी बोलतोय असं वाटावं अशीच मांडणी केलेली असते, हे त्यांनी दाखवून दिलं. आज तो पडदा उशाशी येऊन झोपतो, एवढाच फरक.

ही लाट आपल्याकडे कुठून आली

पुष्कळांना वाटतं की हे महानगरातल्या मुलांचं खूळ आहे. तसं नाही. कोरियन लाट भारतात सर्वांत आधी ईशान्येत पोचली. सन २००० मध्ये मणिपूरमधल्या एका सशस्त्र संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली. चित्रपटगृहांत हिंदी सिनेमा लागेना, केबलवर दिसेना. ती रिकामी जागा 'अरिरांग' या कोरियन वाहिनीने भरली. त्या दशकात माझी नेमणूक त्या भागात होती. इंफाळच्या बाजारात कोरियन मालिकांच्या सीडी मिळायच्या आणि पोरांच्या केसांची ठेवण दर सहा महिन्यांनी बदलायची. मालिकांच्या मागोमाग गाणी आली, आणि मणिपूरमधून नागालँड, मिझोरामपर्यंत पसरली.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. २०११ च्या जनगणनेनुसार नागालँड आणि मिझोराम या दोन्ही राज्यांत ८७ टक्क्यांहून अधिक लोक ख्रिस्ती आहेत. मणिपुरात ते ४१ टक्के आहेत. खुद्द दक्षिण कोरियात २०१५ च्या जनगणनेनुसार चौथ्या हिश्शाहून थोडे जास्त लोक ख्रिस्ती आहेत. म्हणजे ही गाणी बनली ती चर्चची घंटा वाजते अशा देशात, आणि आपल्याकडे पहिल्यांदा रुजली ती चर्चने भरलेल्या डोंगरांत. तिथे हजारो मुलं रविवारी सकाळी गायकवृंदात गातात आणि संध्याकाळी के-पॉपवर नाचतात. त्यांना सगळ्यांना अविश्वासू ठरवणं मला जमणार नाही. संगीत परदेशी आहे, रंगीबेरंगी आहे, मुलगे गालाला रंग लावतात, ही कारणं श्रद्धेची नाहीत. ती आपल्या सवयीची आहेत. श्रद्धेचं कारण वेगळं असायला हवं.

श्रद्धेची हरकत कशाला आहे

पवित्र शास्त्रात पौल करिंथच्या मंडळीला लिहितो तेव्हा त्याच्यापुढे असाच प्रश्न होता. मूर्तीला वाहिलेलं मांस बाजारात मिळायचं, ते खावं की नाही? पौलाने सरसकट हो किंवा नाही असं उत्तर दिलं नाही. त्याने कसोट्या दिल्या. मोकळीक आहे म्हणजे ती हिताची आहेच असं नाही, ही एक. आणि दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते: कुठल्याही गोष्टीला मी माझ्यावर हुकूम चालवू देणार नाही.

फौजी माणसाला ही दुसरी कसोटी लगेच कळते. प्रश्न असा नाही की तुझ्या खोलीत काय आहे. प्रश्न असा आहे की हुकूम कुणाचा चालतो. सकाळी डोळा उघडल्यावर पहिली हजेरी कुठे लागते? पैसे हातात आले की पहिला वाटा कुणाचा निघतो? कुणी त्यांच्याविषयी वाईट बोललं तर जेवढा राग येतो, तेवढा स्वतःच्या भावाचा अपमान झाला तर येतो का? डोंगरावरच्या प्रवचनात येशूने माणसाचं धन आणि माणसाचं मन एकाच जागी सापडतं असं सांगितलं, ते याच अर्थाने. दहा आज्ञांतली पहिली आज्ञा संगीताविषयी बोलत नाही, ती पहिल्या जागेविषयी बोलते.

सिकंदराबादच्या ज्या घराचा मी उल्लेख केला ते माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं घर. तिची मुलगी नर्सिंग शिकते, वय एकोणीस. तिने परवानगी दिली म्हणून सांगतो. गुड फ्रायडेला आमच्याकडे दुपारी तीन तासांची उपासना असते. क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. त्या दिवसांत तिच्या आवडत्या गायकाचं नवं गाणं आलं होतं. ती उपासनेत बसली होती, आणि तिच्या पर्समध्ये फोनवर ते गाणं वाजत होतं. आवाज बाहेर येऊ नये म्हणून इअरफोन जोडून तो पर्समध्येच गुंडाळून ठेवला होता. गाणं कुणाच्याच कानावर पडत नव्हतं. फक्त आकडा वाढत होता.

मला ती म्हणाली, "आजोबा, मी गाणं ऐकत नव्हते. मी सेवा करत होते. आणि चौथ्या उद्गाराच्या वेळी माझ्या मनात एकच विचार होता की बॅटरी पुरेल ना."

कुणी तिला दटावलं नव्हतं. तिचं तिलाच कळलं. एका जागी दोन सेवा चालू आहेत आणि त्यातली खरी कुठली, हे तिने स्वतः पाहिलं. इथून तिचा निर्णय सुरू झाला.

त्याग आणि जप्ती

आता आईवडिलांसाठी सगळ्यांत महत्त्वाचा भाग. ही मुलगी सोळा वर्षांची असताना तिच्या आईने एकदा तिची सगळी फोटोकार्डं आणि दोन अल्बम बंबात घातले होते. आईचा हेतू चांगला होता. परिणाम काय झाला? मुलगी सहा महिने उपासनेला आली नाही. नंतर आली ती गप्प बसायला. कार्डं पुन्हा जमवली, या वेळी वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या कपाटात. विश्वास वाढला नाही, लपवणं वाढलं.

प्रेषितांच्या कृत्यांत, एकोणिसाव्या अध्यायात, इफिसची गोष्ट आहे. जादूटोणा करणाऱ्या लोकांनी आपली पुस्तकं आणून सगळ्यांदेखत जाळली. त्यांची किंमत पन्नास हजार रुप्याची नाणी भरली. मंडळीत ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते, पण एक बारकावा सुटतो. ती पुस्तकं त्यांची स्वतःची होती आणि ती त्यांनी स्वतः आणली होती. पौल कुणाच्या घरात झडती घ्यायला गेला नव्हता.

याच्या उलट चित्र इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ७ फेब्रुवारी १४९७ ला दिसलं. साव्होनारोला नावाच्या धर्मगुरूच्या अनुयायांनी शहराच्या चौकात मोठी होळी पेटवली. लहान मुलांच्या टोळ्या घरोघर फिरून आरसे, गंजिफा, चित्रं, वाद्यं गोळा करत होत्या. सव्वा वर्षात वारं फिरलं, आणि मे १४९८ मध्ये त्याच चौकात त्याच शहराने साव्होनारोलाला फाशी देऊन जाळलं.

पॉप संगीताच्या बाबतीतही हे घडून गेलं आहे. मार्च १९६६ मध्ये बीटल्सचा जॉन लेनन एका लंडनच्या वर्तमानपत्राशी बोलताना म्हणून गेला की आपण आता येशूपेक्षा लोकप्रिय आहोत. इंग्लंडात कुणी फारसं लक्ष दिलं नाही. जुलैअखेरीस ते बोलणं अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आलं आणि अलाबामातल्या एका रेडिओ केंद्राने बीटल्सवर बहिष्कार पुकारला. दक्षिणेत ठिकठिकाणी त्यांच्या तबकड्यांच्या होळ्या पेटल्या. ऑगस्टमध्ये शिकागोत लेननला खुलासा करावा लागला. होळ्या विझल्या आणि बीटल्सची गाणी आजही वाजतात. राग दाखवता आला, मनातली जागा मात्र कुणाची बदलली नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ज्याच्या हातात वस्तू आहे त्याने ती सोडली तर तो त्याग. दुसऱ्याने काढून घेतली तर ती जप्ती. जप्तीने घर रिकामं होतं, मन होत नाही. आईबापांनी वेळेवर, पैशावर, झोपेवर मर्यादा जरूर घालाव्यात. तो त्यांचा हक्क आहे आणि कर्तव्यही. पण मुलाच्या वतीने त्याग करायला जाऊ नये. तो करता येत नाही.

गाण्याचं काय करायचं

मग गाणंही सोडायचं का? या प्रश्नाशी चर्च सोळाशे वर्षं झगडतं आहे. संत ऑगस्टीन मिलान शहरातल्या उपासनेत गीतं ऐकून रडला होता. पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस त्याने आपले 'कबुलीजबाब' लिहिले. त्याच्या दहाव्या भागात तो कबूल करतो की कधी कधी गीतातल्या अर्थापेक्षा आवाजच आपल्याला जास्त हलवतो, आणि तसं झालं की आपलं चुकतं. तरीही मंडळीतलं गायन बंद करावं असं तो म्हणत नाही. त्याने गाणं ठेवलं आणि स्वतःवर नजर ठेवली.

लेननचं प्रकरण झालं त्याच १९६६ साली, जूनमध्ये, क्लिफ रिचर्ड हा इंग्लंडचा आघाडीचा पॉप गायक बिली ग्रॅहॅम यांच्या लंडनमधल्या सभेत व्यासपीठावर उभा राहिला आणि आपण ख्रिस्ताचे अनुयायी झालो आहोत हे त्याने जाहीर केलं. हा क्लिफ मूळचा आपल्या लखनौचा. तिथे १९४० मध्ये त्याचा जन्म झाला. पॉप संगीत सोडलंच पाहिजे असं त्यालाही आधी वाटलं. शेवटी त्याने ते सोडलं नाही, श्रद्धा न लपवता गात राहिला. दुसरीकडे अमेरिकेतल्या लिटल रिचर्डने १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात असताना रॉक संगीत सोडलं, धर्मशिक्षण घ्यायला गेला, आणि काही वर्षांनी परत रॉककडे आला. दोघेही प्रामाणिक होते. एकाच प्रभूने दोघांना एकच उत्तर दिलं नाही.

मराठी माणसाला तर हे आणखी जवळून माहीत असायला हवं. फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये गोव्यात 'क्रिस्तपुराण' छापलं ते ओव्यांत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरदार, नातीगोती यांना तडा गेला. बायको लक्ष्मीबाईंपासून ताटातूट झाली. पण अभंग आणि ओवी त्यांनी टाकली नाही. तीच चाल घेऊन त्यांनी ख्रिस्ताची भजनं रचली, आणि ती आजही आपल्या मंडळ्यांत टाळमृदंगावर गायली जातात. सूर त्यांनी तोच ठेवला. तो कुणापुढे आळवायचा, हे बदललं.

म्हणून माझं उत्तर असं: गाणं ऐकायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडा. ज्याला ते पुन्हा जुन्या जागी ओढून नेतं, त्याने काही काळ किंवा कायमचं दूर राहावं. दारू सोडलेल्या माणसाने गुत्त्याच्या गल्लीने जाऊ नये, तसं. ज्याला ओढत नाही, त्याने उगाच अपराधी वाटून घेऊ नये.

सोडताना

आता ज्या तरुणांनी मनाशी ठरवलं आहे त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी.

एक. आधी चाळीस दिवस पाळून बघा. आपल्याकडे लेंटचा काळ असतोच. या दिवसांत मतं देणं, आकडे वाढवणं, खरेदी, चाहत्यांचे गट, एवढं बंद ठेवा. सूचना बंद करा, मत देण्याची ॲप काढून टाका. कुठला तास सगळ्यांत जड जातो ते वहीत लिहा. तो तास तुम्हाला सांगेल की तुम्ही खरं काय शोधत होतात. नातीच्या वहीत तो तास रात्री अकराचा निघाला. वसतिगृहात दिवे बंद झाल्यावरचा. तिला गाणं नको होतं, तिला कुणीतरी बोलणारं हवं होतं.

दोन. वस्तूंचं काय करायचं ते घाईने ठरवू नका. जाळणं, विकणं, वाटणं, नुसतं खोक्यात बंद करून ठेवणं, यातलं काहीही चालेल. फक्त रागाच्या भरात करू नका आणि कुणाला दाखवण्यासाठी करू नका.

तीन. पलटण सोडताना माणसं सोडू नका. माझी नात तिच्या गटात कोरियन मजकुराचं भाषांतर करायची. त्यासाठी तिने कोरियन लिपी शिकली होती. गट सोडताना तिने सरळ सांगितलं की माझ्या श्रद्धेसाठी मी हे काम थांबवते आहे. तिने प्रवचन दिलं नाही, कुणाला नावं ठेवली नाहीत. काही जणींनी बोलणं बंद केलं, आणि ते तिला फार लागलं. हे दुःख असणार, ते लपवू नका. तिची एक मैत्रीण मात्र टिकली. ती ऐझॉलची, मिझो प्रेस्बिटेरियन मंडळीच्या गायकवृंदात गाणारी, आणि आजही बीटीएसची पक्की चाहती. माझ्या नातीने तिला कमी लेखलं नाही आणि तिने माझ्या नातीला वेडं ठरवलं नाही. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय वाचा. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये, असा पौलाचा सल्ला आहे. या दोघी मुली तो पाळत आहेत.

चार. जागा रिकामी ठेवू नका. 'रिकामं मन सैतानाचं घर' असं आपण म्हणतो. लूकच्या शुभवर्तमानात येशूने झाडून-पुसून स्वच्छ केलेल्या रिकाम्या घराचा दाखला दिला आहे. बाहेर गेलेला दुष्ट आत्मा परत येतो, घर रिकामं बघतो आणि आणखी सात जणांना घेऊन येतो. सोडणं हे अर्धं काम आहे. उरलेलं अर्धं म्हणजे त्या जागी काय येणार.

इथे मला मंडळ्यांच्या वडीलधाऱ्यांशी बोलायचं आहे. चाहत्यांच्या गटाने या मुलीला रोजचं काम दिलं, जबाबदारी दिली, चांगलं झालं की शाबासकी दिली. रात्री दोन वाजता संदेश टाकला तरी उत्तर आलं. आपण काय दिलं? रविवारी बसायला बाक, नाताळच्या कार्यक्रमात देवदूताचे पंख, आणि मधल्या काळात उपदेश. फौजेत नव्या जवानाला आम्ही पहिल्या दिवसापासून काम देतो, कारण काम नसलेला माणूस पलटणीचा होत नाही. मुलं सर्वस्व सोडून प्रभूकडे यावीत असं आपल्याला वाटत असेल तर ती येतील तिथे कुणीतरी त्यांना नावाने ओळखणारं असायला हवं. परराज्यांतल्या आपल्या लहान मराठी मंडळ्यांत तर हे फार गरजेचं आहे. तिथे तरुण मुलं मोजकीच असतात आणि त्यांना वाटतं की आपल्यासारखं इथे कुणीच नाही. माझ्या नातीला सिकंदराबादच्या पाळकांनी विचारलं, "तू भाषांतर करतेस ना? मग म्हाताऱ्या लोकांसाठी तेलुगू घोषणा मराठीत करून देशील?" ती आता दर शनिवारी ते करते. हे काम फोटोकार्डाइतकं चमकदार नाही. पण पहिल्या बाकावरच्या आज्जी तिचं नाव घेऊन तिच्यासाठी प्रार्थना करतात, आणि ती आजारी पडली तेव्हा त्यांनी डबा पाठवला. ओळख दोन्ही बाजूंनी असणं म्हणजे हेच.

शेवटी त्या सात गायकांविषयीही एक शब्द. त्यांच्या देशात सक्तीची सेवा असते. डिसेंबर २०२२ पासून ते एकामागून एक गेले आणि जून २०२५ पर्यंत सातही जणांनी ती पूर्ण केली. सहा जणांनी लष्करात, एकाने पर्यायी नागरी सेवेत. केस कापून, बूट घालून, रांगेत उभे राहून. ती मेहनती माणसं आहेत, कुणाची तरी मुलं आहेत. त्यांना मूर्ती केलं ते आपण, म्हणजे बाजाराने आणि चाहत्यांनी मिळून. चाहतेपण सोडणाऱ्याने त्यांचा द्वेष करायचं काही कारण नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. मूर्ती म्हणून ज्याच्याकडे पाहत होतो त्याच्याकडे माणूस म्हणून पाहता आलं, की समजावं सोडणं जमत आलं आहे.

पुढच्या भागात निवृत्तीनंतरच्या एकटेपणावर बोलू. तोवर रजा घेतो. सलाम.